उलट्या आट्यांचं चाक

माझ्या आत्याची तीनचाकी सायकल एका दुपारी फक्त मागे चालली. ही गोष्ट मी इतक्या पंगतींत आणि इतक्या एसटी स्टँडांवर सांगितली आहे, की आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना ती स्वतः पाहिल्यासारखी आठवते. एका मावसभावानं तर मला माझीच गोष्ट ऐकवली आणि वर म्हणाला, "तू नव्हतास रे तेव्हा, नाहीतर हसून मेला असतास." मी हरकत घेतली नाही. चांगल्या गोष्टीला मालक नसलेलाच बरा.

आत्याला घरीदारी सगळे अक्का म्हणत. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय नेले आणि जाता जाता उजव्या हाताचं बळही नेलं. उजव्या हातानं ती वस्तू धरू शके, उचलू शकत नसे. डावा हात मात्र असा, की लहानपणी त्या हाताची एक चापट खाल्लेले आम्ही सगळे भाचे-पुतणे आयुष्यभर तिच्या उजव्या बाजूला बसत आलो.

आमचं मूळ गाव शिंदखेड्याकडचं. तिथं अक्का शाळेत गेली ती आजोबांच्या पाठीवरून, आणि दवाखान्यात, जत्रेत, लग्नात गेली ती ज्याची पाठ मोकळी असेल त्याच्या पाठीवरून. मॅट्रिक झाली तीही अशीच. लोक प्रेमानं उचलत, पण उचलताना विचारत नसत. ती बोलत असली तरी वाक्य अर्ध्यात तोडून तिला उचलत. "गोणीला तरी आधी हात लावून बघतात, कुठून धरायची ते," असं ती म्हणायची.

मग नव्वदच्या आसपास गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उगवले आणि ते अपंगांना मिळू लागले. अक्कानं अर्ज केला, धुळ्यात आग्रा रोडच्या एका टोकाला तिला बूथ मिळाला, आणि चाळिशी ओलांडलेली ही बाई घरच्यांचा विरोध मोडून धुळ्याला एकटी राहायला गेली. नदीपलीकडे देवपुरात तळमजल्याची एक खोली घेतली. त्याच सुमारास एका शिबिरात तिला हातानं चालवायची तीनचाकी मिळाली. शिबिरात आधी मापं घेतली होती. तिचा डावा हात चांगला आहे हे लिहून घेतलं होतं, आणि कुठल्याशा दूरच्या कारखान्यातून गाडी तशीच बनून आली होती. फिरवायचं हँडल डावीकडे, त्याची चेनही डावीकडे, मागच्या डाव्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला. उजव्या हातात नुसती वळवायची दांडी आणि तिला ब्रेक.

गाडी आली त्या दिवशी खाटेवरून गाडीत सरकायला अक्कानं एक फळी टाकली, सरकली, बसली आणि आम्हाला म्हणाली, "झालं. आता मला कोणी हात लावायचा नाही."

दोन वर्षं कोणी लावला नाही. रोज सकाळी देवपुरातून निघायचं, पांझरेचा पूल ओलांडायचा, आग्रा रोडनं बूथ गाठायचा. रस्त्यात लोकांचे हात शिवशिवत. तीनचाकी दिसली की मागून ढकलायची, हा आपल्याकडे न शिकवता येणारा धर्म आहे. ढकलणारा पुण्य घेऊन निघून जातो, आणि बसणाऱ्याला आपण कुठं चाललो होतो ते नव्यानं ठरवावं लागतं. अक्का मागं न बघता ओरडायची, "हात काढ! माझी मी जाते!" पुलावर तिचा हा आवाज ठरलेला होता.

मग एका चैत्रात बूथसमोर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर एक रिक्षा मागे घेताना चढली. नेमकं डावं मागचं चाक गेलं. रिंग पापडासारखी दुमडली आणि मधला हब, ज्यात तारा ओवतात तो, कडेनं फुटला. धुळ्यातल्या तीन मिस्तरींनी चाक हातात घेतलं, फिरवलं आणि परत दिलं. असा हब बाजारात नाही, म्हणाले. अक्का पुन्हा रिक्षानं येऊ-जाऊ लागली. रिक्षावाला काखेत हात घालून उचलायचा, आत ठेवायचा, उतरवून खुर्चीवर ठेवायचा. भला माणूस होता. अक्का त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे.

इथं माझा प्रवेश होतो. मी तेव्हा पंचविशीतला, जळगावला बियाण्याच्या दुकानात कामाला, आणि दर गणपतीत नाटकात मुख्य भूमिका. आवाज असा, की पडद्यामागून खोकलो तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी जागी व्हायची. अक्का मला नाटक्या म्हणायची. तर हा नाटक्या धुळ्याला गेला, फुटकं चाक बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "अक्का, हे धुळं आहे. जळगावात काय मिळत नाही? येत्या रविवारी तुझं चाक घेऊन येतो."

"जळगावात केळी मिळतात," अक्का म्हणाली. "आणि सोनं. चाकाचं मी ऐकलं नाही."

फुटकं चाक मी एसटीच्या टपावर टाकून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला नेलं. आमचे सायकलचे मिस्तरी वयस्कर होते, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी चाक मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला, तारा मोजल्या, आसाची लांबी दोरीनं मापली.

"कारखाना कोणता हा?"

"माहीत नाही नाना. शिबिरात मिळालीय."

"नसू दे माहीत. आपन चांगल्या कंपनीचा हब टाकू. चाक ते चाक, त्याले काय पासपोर्ट लागते का?"

नानांनी मन लावून काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. नवा हब, नवी रिंग, तारा ओवून दोन तास आउट काढला, रिंग तसूभरही डुलू नये म्हणून. आस थोडा आखूड पडत होता, तर लांब आस घालून दोन्हीकडे वायसर भरले. गाडीची चेन मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, तिचं माप घेऊन दातांचं चक्र निवडलं. हे चक्र म्हणजे फ्रायव्हील. उतारावर पाय थांबवले तरी सायकल टिकटिक करत पळते ना, ती टिकटिक त्याची. चाक इतकं सरळ फिरत होतं, की नानांनी हातातली विडी रिंगेजवळ धरली आणि ती कुठंच घासली नाही. एक गोष्ट तेवढी राहिली. गाडी होती धुळ्याला आणि चाक होतं जळगावला, त्यामुळे लावून कोणी बघितलं नाही.

रविवारी धुळ्यात मी सोहळाच मांडला. देवपुरातल्या त्या गल्लीत उन्हाळकामं चालू होती. दारोदारी खाटा टाकून त्यांवर लुगडी अंथरलेली आणि लुगड्यांवर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, वाळत घातलेले. मी गल्लीतल्या सगळ्या बाया गोळा केल्या. चाक लावलं, चेन चढवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि रंगमंचावर म्हणतात तसं म्हणालो, "निघू द्या स्वारी!"

अक्कानं हँडल पुढे फिरवलं. टिकटिक टिकटिक आवाज आला. गाडी जागची हलली नाही. तिनं आणखी जोरात फिरवलं. टिकटिक जोरात झाली. गाडी देवासारखी उभी.

"नाटक्या, ही पूजा पावली वाटतं," अक्का म्हणाली. "गाडी समाधीत गेली."

"उलटं फिरवून बघ," मी म्हणालो.

तिनं उलटं फिरवलं आणि गाडी झोकात निघाली. मागे. आधी नारळाच्या पाण्यावरून, मग माझ्या चपलेवरून. अक्का मान वळवून बघते तोवर गाडीनं शेजारणीची खाट गाठली, आणि दोन दिवस राबून घातलेले बिबडे खाटेसकट आडवे झाले.

शेजारीण किंचाळली, "व माय! मना बिबडा!"

अक्का हसायला लागली. हसता हसता तिनं पुन्हा हँडल पुढे फिरवलं, पुन्हा नुसती टिकटिक. मग सगळी गल्ली हसली, बिबडेवालीसुद्धा. कोणीतरी म्हणालं, "अक्का, आता बूथकडे पाठ करूनच निघत जा." अक्काला इतकं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पंगतीत मी इथं थांबतो. लोक टाळ्या देतात आणि मी मठ्ठा मागून घेतो.

संध्याकाळच्या गाडीनं चाक परत जळगावला. नानांनी माझं ऐकलं, चाक उलटंसुलटं केलं, आणि कपाळावर हात मारला.

"डावीकडं चेन आहे हे बोलला का तू?"

"चाक ते चाक, तुम्हीच म्हणालात ना?"

"अरे, फ्रायव्हील एकाच अंगाला पकडते. सायकलीची चेन जगात सगळीकडं उजवीकडं. तू चाक पलटी करून डावीकडं लावलं, तर ते मागंच पकडीन. आन दुसरं ऐक." त्यांनी बाटलीचं झाकण घेऊन दाखवलं. "हे उजवीकडं फिरवलं तर घट्ट होते. हबावर फ्रायव्हील असंच आट्यांनी बसते, पायडल मारू तसतसं घट्ट होते. डावीकडं चेन असली तर त्याच आट्यांवर ते मोकळं होऊन पडीन. म्हणून त्या कारखान्यानं हबाले उलटे आटे पाडेल होते. आन फ्रायव्हीलबी उलटं. मी ते पाह्यलंच नाही. पन्नास वर्षांत डावं पायडल सोडलं तर उलटे आटे मी या हातानं धरले नाही रे."

"मग आता?"

"हँडल उजवीकडं घेऊन टाक. सोपं काम."

मी उजव्या हाताचं सांगितलं. नानांनी झाकण परत बाटलीला लावलं.

जुनं उलटं फ्रायव्हील शाबूत होतं. हवा होता फक्त उलट्या आट्यांचा हब. तो लेथवर नवा ओढून घ्यावा लागणार होता, आणि लेथवाल्याकडे हंगामाचे पंप रांगेत पडलेले. महिनाभर तरी हात लावणार नाही, म्हणाला. मी बूथवर फोन करून अक्काला कळवलं.

"आज रिक्षावाला आला नाही," ती म्हणाली. "तर मला एका गिऱ्हाइकानं उचलून बाहेर आणलं. माझ्याच बूथच्या गिऱ्हाइकानं. नाटक्या, महिना नाही. काहीही कर."

काहीही करायचं म्हणजे काय, ते नानांना ठाऊक होतं, पण सांगायला ते तयार नव्हते. मी तीन दिवस त्यांच्या दुकानासमोर बसलो. मला रडता येतं, हातवारे करता येतात, आणि ऐकणाऱ्याला आपण निर्दय आहोत असं वाटायला लावता येतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चाक उचललं आणि गॅसवाल्याकडे घेऊन गेले.

"फ्रायव्हील मुकं करून देतो," ते म्हणाले. "पितळ भरून हबाला डागायचं. मंग ना सुटणार, ना टिकटिकणार. हँडल फिरलं की चाक फिरणार." मग माझा दंड धरून म्हणाले, "आन चाक फिरलं की हँडल फिरणार. हे ध्यानात ठेव. उतारावर हात काढायचा. आन मागून कोणी लोटायचं नाही. लोटलं तर हँडल आपोआप फिरीन, मंग मधी हात असो की पाय. हब झाला की पहिले हे काढून फेकायचं."

मी हे सगळं अक्काला जसंच्या तसं सांगितलं. दंड धरून सांगितलं.

"मला लोटलेलं नकोच आहे," ती म्हणाली. "बरंच झालं की."

"मागे पाटी लावू या का? ढकलू नये म्हणून?"

"मी ट्रक आहे का?"

ती पुन्हा एकटी जाऊ लागली. पुलाच्या उतारावर हँडल स्वतःच गरगर फिरायचं, तेव्हा ती डावा हात मांडीवर ठेवायची आणि उजव्या हातानं ब्रेक जेमतेम दाबायची. सपाटीला आलं की फिरत्या हँडलच्या चालीत चाल मिळवून मूठ धरायची. दोरीवरच्या उड्यांत शिरतात तसं. चार दिवसांत तिला ते जमलं. फोनवर म्हणाली, "मुकी आहे, पण ऐकते."

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो. बूथ रविवारीही उघडा असे, बाहेरगावी बोलायला लोकांना त्याच दिवशी फुरसत. मी तिच्यासोबत चालत निघालो. पूल झाला. आग्रा रोडला गर्दी होती. कोपऱ्यावर रसवंती दिसली, तर मी म्हणालो, "तू हो पुढे, मी रस पिऊन आलो." ती पुढे झाली.

मी ग्लास हातात घेऊन उभा होतो. रस्त्यापलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, अक्काची गाडी मध्येच थांबली. ती डावीकडे वाकली होती. तिच्या पदराचं टोक चेनीत गेलं होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही, असं मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं. ती वाकलेली तर दिसत होती. तिच्या मागे केळ्यांची हातगाडी अडली होती, हातगाडीमागे दोन स्कूटर, त्यांच्यामागे टेम्पो, आणि सगळे भोंगे वाजवत होते.

आणि माझ्या घशात तो आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. अक्का कोणाला हात लावू देत नाही, आता तिच्या मागे अख्खा आग्रा रोड अडलाय, हे दृश्य मला नाटकासारखं दिसलं. मी ग्लास उंच धरला आणि पोटातून आवाज काढला, "अहो बघता काय! महाराणींची स्वारी अडलीय! लावा जोर!"

चार माणसं हसली. हातगाडीवाल्यानं आपली गाडी सोडली, दोन ढांगांत पुढे आला, "अक्का, मी लोटस, बठा तुम्ही," असं म्हणाला आणि दोन्ही हातांनी जोर लावला.

हँडल फिरलं.

आवाज मोठा झाला नाही. अक्काही ओरडली नाही. हातगाडीवाला मात्र ओरडला, कारण गाडी हिसका खाऊन थांबली आणि त्यानं वाकून पाहिलं. चेन आणि दातांच्या चक्रामध्ये दोन बोटं होती, आणि हँडलच्या दांड्याखाली मनगट. मी धावलो. ग्लास मी रसवाल्याच्या बाकावर नीट ठेवला होता. एवढ्या घाईत मी तो नीट का ठेवला, ते मला कळत नाही.

चाक मागे फिरवून हात काढावा लागला. मुक्या चाकाचा तेवढा उपयोग झाला.

सिव्हिल हॉस्पिटलात मी तिला उचलून नेलं. काखेत हात घालून, दुसरा हात गुडघ्यांखाली. तिनं डोळे मिटून घेतले होते. दुपारी वडील जळगावहून आले. त्यांनी प्लॅस्टर बघितलं, बोटांवरची पट्टी बघितली.

"कोणी ढकललं?"

"एका हातगाडीवाल्यानं," मी म्हणालो.

"या लोकांना अक्कल नसते."

"नसते," मी म्हणालो. अक्का जागी होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

प्लॅस्टर दीड महिना राहिलं. तेवढे दिवस बूथ शेजारच्या एका मुलीनं सांभाळला. मी जळगावात लेथवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसलो, पंप बाजूला सारून त्याच्याकडून उलट्या आट्यांचा हब ओढून घेतला. नानांनी चाक नव्यानं ओवलं आणि कारखान्याचं जुनं उलटं फ्रायव्हील त्यावर बसवलं. या वेळी मी गाडीच ट्रकनं जळगावला मागवली होती. दुकानासमोर मी स्वतः तिच्यात बसून चालवून पाहिली. पुढे फिरवलं की पुढे गेली, थांबलो की टिकटिक. नाना बघत उभे राहिले. माझ्या त्या शिबिरातल्या गाडीतल्या फेऱ्या बघून रस्त्यावरचा एक माणूस आला आणि त्यानं मला मागून ढकललं. हँडल जागच्या जागी शांत होतं.

आषाढात प्लॅस्टर निघालं. गाडी मी देवपुरात दारात उभी केली. अक्का फळीवरून सरकत आली. या वेळी फळीवर तिला फार वेळ लागला, कारण टेकायचा हात तोच होता. बसली. मूठ धरली. दोन बोटं वळत नव्हती, उरलेल्या तिन्हींनी धरली. हँडल तिच्याकडून खाली गेलं, पाव फेरा, आणि तिथं मनगट अडलं. मनगट वळेना. तिनं हात सोडला, वरून पुन्हा धरला, पुन्हा पाव फेरा. अशी चार वेळा पकडून ती चार हात पुढे गेली. चाक अप्रतिम चाललं होतं. टिकटिक अगदी बारीक, घड्याळासारखी.

"तेल घातलंस?" तिनं विचारलं.

"घातलं."

"छान चालतंय."

तिनं दहा-बारा दिवस प्रयत्न केला. सकाळी गल्लीत, कोणी नसताना. डॉक्टरांनी सांगितलेले चेंडू दाबायचे व्यायाम केले. शेजारीण मला म्हणाली, "ती वळणापावेतो जास, मंग बसेल राहस." तिथून परत आणायला शेजारणीला जावं लागायचं.

श्रावणाच्या सुरुवातीला मी गेलो, तेव्हा दारात हातगाडीवाला उभा होता. तोच. हातगाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आला होता. अक्का म्हणाली, "हा रोज येतो. त्या दिवसापासून तिसऱ्या दिवशी दवाखान्यातही आला होता, डझनभर केळी घेऊन. आता म्हणतो, मी तुम्हाला बूथवर सोडत जाईन, माझा रस्ता तोच आहे."

"मग?"

"मग चेन काढ," अक्का म्हणाली. "साडी खराब होते उगीच. हँडलही काढ, गुडघ्याला लागतं."

मी पाना घेतला. चेन काढली, हँडलचे दोन नट सोडले. हातगाडीवाला माझ्यासमोर उकिडवा बसून मदत करत होता. चेन काढल्यावर चाक नुसतं चाक राहिलं. आता त्या जागी कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही आट्यांचं चाक चाललं असतं. नानांनी पहिल्यांदा केलेलंसुद्धा.

आम्ही निघालो. तो मागून ढकलत होता, मी बाजूनं चालत होतो. अक्काचे दोन्ही हात मांडीवर. पुलाच्या चढावर तो थोडा दमला आणि त्यानं बोलायला सुरुवात केली. त्याला ते बोलायचंच होतं, बहुतेक रोज बोलत असावा.

"अक्का, मी आपला उभाच व्हतो. खरं सांगस. पन कोनी तरी वरडना ना, मोठा आवाजमा, लावा जोर म्हनीसन. नाटकवालासारखा आवाज व्हता. मी त्यामुळे लोटी दिधं. तो माणूस कोन व्हता काय म्हाईत."

पुलाखाली पांझरेला गढूळ पाणी आलं होतं. मी त्या पाण्याकडे बघत चाललो.

"कोनी वरडनं नही रे भाऊ," अक्का म्हणाली. "तुले भास व्हयना."

"नही अक्का, मी आयकं."

"मी बी तठेच व्हते ना? कोनी नही वरडनं."

चढ संपला आणि उतार लागला, तसा त्यानं जोर काढून गाडी मागे ओढून धरली, हळू जाऊ दिली. हातगाडीच्या सवयीनं त्याला ते चांगलं जमत होतं. अक्का समोर बघत होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, बूथ येईपर्यंत. तिथं त्यानं तिच्या काखेत हात घातला, आणि उचलण्याआधी थांबून विचारलं, "उचलू का, अक्का?"

"उचल," ती म्हणाली.